आधी ओढा, मग रस्ता, शेवटी इमारत : शहराच्या वेशीवरची नवी वस्ती कशी आखतात

(दृश्य : ड्रोन. ओढ्याकडे उतरत गेलेल्या शेताच्या अरुंद पट्ट्या. मध्येच एक सात मजली इमारत, तिच्याकडे जाणारा कच्चा रस्ता.)

वरून पाहिलं की या पट्ट्या लगेच नजरेत भरतात. रुंदी 15 मीटर, लांबी 250. वाटणी करताना प्रत्येक भावाला ओढ्याचं पाणी मिळावं म्हणून जमीन अशी उभी कापली गेली. शेतीसाठी ती वाटणी योग्यच होती. एका पट्टीचं क्षेत्र भरतं 3,750 चौरस मीटर, म्हणजे साधारण 37 गुंठे.

आता याच पट्टीवर इमारत उभी करायची म्हणा. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामधली मोकळी जागा, सोडलं की उरते नऊ मीटर रुंदी. आणि विकास आराखड्यातला 18 मीटरचा रस्ता पट्टीच्या लांबीनं गेला, तर एका भावाची अख्खी जमीन रस्त्यात जाते आणि शेजारच्या भावाला रस्त्याकडेचा भाव मिळतो. गावातली भांडणं इथून सुरू होतात, आणि ती चुकीची नसतात.

यावरचा उपाय जुना आहे. मुंबई प्रांतात 1915 साली नगररचनेचा कायदा आला. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, मैदानं, शाळा यांची जागा सगळ्यांकडून सारख्या प्रमाणात घ्यायची आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे भूखंड मूळ मालकांनाच परत द्यायचे. ही नगररचना योजना, बोलीभाषेत टीपी स्कीम. वांद्रे, विलेपार्ले, माहीम इथल्या जुन्या सोसायट्यांच्या कागदांवर आजही ‘फायनल प्लॉट नंबर’ लिहिलेला असतो, तो या योजनांमधूनच आलेला.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात ही तरतूद कायम राहिली, पण आपल्याकडे ती पुढं फारशी वापरली गेली नाही. गुजरातनं मात्र सोडली नाही. अहमदाबादच्या कडेचा 76 किलोमीटरचा वळणरस्ता मोठ्या प्रमाणात याच पद्धतीनं मिळालेल्या जमिनीवर झाला. 2015 साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं हिंजवडीला लागून असलेल्या म्हाळुंगे-माण इथं सुमारे 250 हेक्टरवर अशी योजना हाती घेतली. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रातही सिडको या सरकारी विकास कंपनीनं हाच मार्ग धरला.

त्याच सिडकोनं 1970 नंतर नवी मुंबई वसवली ती जमीन संपादित करून. मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत उरणजवळ आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली, आणि त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन परत मिळण्याला शेतकरी एवढं महत्त्व का देतो, हे या इतिहासात आहे.

(दृश्य : बांधावर रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं जागा मोजणारं यंत्र, घेऊन उभा असलेला भूकरमापक. जवळून सातबारा.)

काम सुरू होतं मोजणीपासून. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रांची बेरीज, गटाच्या नकाशातलं क्षेत्र आणि जागेवरची वहिवाट, या तीन गोष्टी क्वचितच जुळतात. पोटहिस्से तोंडी पडलेले असतात. वारसनोंद राहिलेली असते. इतर हक्कांत कुळाचं नाव असतं किंवा जुनं कर्ज. भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल तर परवानगीचा वेगळा फेरा. क्षेत्रातला फरक कोणाच्या वाट्याला जाणार, हे इथंच, मालकांच्या सह्यांसकट ठरलं पाहिजे. नाही ठरलं, तर पुढं भूखंड वाटताना एकेका गटासाठी सगळी योजना अडून राहते.

मग ओढा. नकाशावर पहिली रेघ ओढायची ती त्याची. सातबाऱ्यावर तो ठळक दिसत नाही, बऱ्याचदा पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी म्हणून नोंदलेल्या क्षेत्रात, दडलेला असतो. म्हणून समपातळी रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा काढून पाणी खरोखर कुठून वाहतं ते पाहावं लागतं. नदीकाठी निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतला. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. छोट्या ओढ्यांना अशी आखलेली रेषा बहुधा नसते, आणि घात तिथंच होतो. शेतात पडलेल्या पावसाचा मोठा भाग मुरतो. त्याच जमिनीवर छपरं आणि काँक्रीट आलं की जवळजवळ सगळं पाणी काही मिनिटांत ओढ्यात उतरतं. शेताच्या हिशेबानं बसवलेली रस्त्याखालची मोरी तेवढं पाणी नेऊच शकत नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानं माणसं, जनावरं, गाड्या, घरांच्या भिंती वाहून नेल्या. ओढ्याच्या दोन्ही काठांची जागा योजनेतल्या बागेसाठी आणि मोकळ्या जागेसाठी आधीच राखली, तर त्याची झळ कुण्या एका मालकाला बसत नाही. या पद्धतीचा सर्वात मोठा फायदा आम्हाला हाच वाटतो.

ओढ्यानंतर सांडपाणी. हा भाग फिल्ममध्ये दाखवायला कंटाळवाणा, पण नकाशा खरा ठरवतो तो हाच. 200 मिलिमीटरच्या मलवाहिनीला साधारण 250 मीटरला 1 मीटर उतार लागतो. त्याहून कमी दिला तर पाण्याचा वेग पडतो, गाळ तळाशी बसतो आणि वाहिनी तुंबते. सपाट जमिनीवर एक किलोमीटर गेलं की वाहिनी चार मीटर खाली गेलेली असते, वर सुरुवातीची एक मीटर खोली. पुण्याच्या आसपास थोडं खणलं की कातळ लागतो. पाच मीटर कातळ ब्रेकरनं फोडत जाण्याचा खर्च अंदाजपत्रक उलटंपालटं करतो. म्हणून मुख्य रस्ते उताराच्या दिशेनं आखायचे, म्हणजे वाहिनी जमिनीबरोबरच उतरते. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राची जागा सर्वात सखल भागात, पण पूररेषेच्या बाहेर. ती जागा भूखंड वाटण्याआधी राखून ठेवावी लागते, नंतर कुणीच ती आपल्या शेजारी येऊ देत नाही.

रस्ता खणायचा तो एकदाच. सर्वात खोल मलवाहिनी, म्हणून ती आधी. पिण्याच्या पाण्याची वाहिनी तिच्यापासून शक्यतो तीन मीटर दूर आणि तिच्यापेक्षा वर, म्हणजे गळती झाली तरी मैला पाण्यात मिसळत नाही. मग पावसाळी गटार, केबलचे डक्ट, आणि शेवटी डांबर किंवा काँक्रीट.

(दृश्य : पडद्यावर तक्ता. एक ओळ मोठी होते.)

आता पैशाचा हिशेब. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. आपली 37 गुंठ्यांची पट्टी घ्या. चौरस मीटरला 4,000 रुपये धरले तर मूळ भूखंडाची किंमत दीड कोटी. निम्मी जमीन गेली, परत मिळाला 1,875 चौरस मीटरचा अंतिम भूखंड, साडेसदतीस बाय पन्नास, समोर 12 मीटरचा रस्ता. विकास होण्याआधी त्याची किंमत 5,000 च्या दरानं 93 लाख 75 हजार. फरक 56 लाख 25 हजार, ही मालकाची भरपाई. विकास झाल्यावरचा दर 14,000 धरला तर किंमत 2 कोटी 62 लाख 50 हजार. म्हणजे वाढ 1 कोटी 68 लाख 75 हजार. कायद्यानं या वाढीतली जास्तीत जास्त निम्मी रक्कम अंशदान म्हणून घेता येते, 84 लाख 37 हजार 500. त्यातून भरपाई वजा केली की मालकानं भरायचे 28 लाख 12 हजार 500. जमीन निम्मी झाली आणि वर पैसेही भरायचे, हे ऐकून सभेत माणूस उठून उभा राहतो. तक्त्यातली ही ओळ त्याच्या घरी बसून, त्याच्या गटाचे आकडे घालून समजावून सांगावी लागते. सभेतल्या ध्वनिक्षेपकावरून हे काम होत नाही.

कायद्यातली वाट अशी : योजनेचा इरादा जाहीर करणं, नऊ महिन्यांत प्रारूप म्हणजे कच्चा आराखडा, मालकांची सभा, प्रसिद्धीनंतर 30 दिवस हरकती, प्रारूपाला मंजुरी, मग लवादाची नेमणूक, प्रत्येक मालकाची सुनावणी, अपील, आणि अंतिम मंजुरी. इरादा जाहीर झाल्यापासून परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. पण लवादाचं काम वर्षानुवर्षं चालतं, आणि घरात लग्न, आजारपण, शिक्षण थांबत नाही. मग तुकडेबंदीमुळं, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकायला असलेल्या बंदीमुळं, दस्त नोंदवता आला नाही, तर नोटरीवर एक-एक, दोन-दोन गुंठे विकले जातात. त्यावर खोल्या उभ्या राहतात. दोन वर्षांनी रस्त्याची आखणी जागेवर करायला जावं तर मध्ये दहा कुटुंबं राहत असतात. 40 मीटरचा तुकडा ताब्यात नाही म्हणून दोन किलोमीटरचा रस्ता दोन्ही बाजूंनी येऊन थांबतो. गुजरातनं 1999 मध्ये कायदा बदलला : प्रारूप मंजूर झालं की रस्त्यांची जागा लगेच प्राधिकरणाकडे येते, पैशाचे वाद मागून सुटत राहतात. वेळेचा हा विचार सर्वात आधी व्हायला हवा.

हडपसरजवळ मगरपट्ट्यात वेगळी वाट निघाली. सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक झाले आणि शहर स्वतः बांधलं. बरीच कुटुंबं एकमेकांच्या भावकीतली, एकमेकांवर विश्वास असलेली होती. तो विश्वास सगळीकडे गृहीत धरता येत नाही, म्हणून कायद्याची योजना लागते.

(दृश्य : सोसायटीच्या फाटकावर टँकरची रांग.)

राहिलं पाणी. 100 हेक्टरच्या योजनेत 50 हेक्टर अंतिम भूखंड. सगळे निवासी धरले आणि 1.1 चा मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) वापरला, तर साडेपाच लाख चौरस मीटर बांधकाम. सरासरी 60 चौरस मीटरचं घर धरा : नऊ हजारांवर घरं, साधारण 41 हजार माणसं. माणशी रोज 135 लिटर म्हणजे 55 लाख लिटर. गळतीचे 15 टक्के धरले तर 65 लाखांच्या घरात. सांडपाणी 44 लाख लिटर. नळयोजना नसेल तर हे पाणी आणायला दहा हजार लिटरचे 550 टँकर रोज लागतील, दिवसरात्र तासाला 23.

हा हिशेब मूळ एफएसआयचा. त्यावर प्रीमियम भरून वाढीव एफएसआय मिळतो, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, चढतो, आणि रस्ता रुंद असेल तितका तो जास्त चढतो. त्याच जमिनीवर दुप्पट माणसं राहायला येऊ शकतात, पण जमिनीखालची वाहिनी तीच राहते. म्हणून वाहिन्यांचा व्यास ठरवताना आजचा एफएसआय न धरता, त्या रस्त्यावर नियमानं मिळू शकणारा कमाल एफएसआय धरायचा. 200 च्या जागी 300 मिलिमीटरची वाहिनी आत्ता टाकली तर जादा खर्च मुख्यतः वाहिनीचाच, कारण चर तर खणायचीच असते. तीच वाहिनी दहा वर्षांनी बदलायची म्हणजे वापरात असलेला रस्ता पुन्हा पाच मीटर फोडायचा, आणि तोवर मैला चेंबरमधून ओढ्यात जात राहतो.