साडेतीन सीसी

(दृश्य : मुरमाड माळ. पत्र्याची शेड, शेडखाली टेबल. टेबलावर बॉडी काढलेली बग्गी.)

पुण्याबाहेरचा हा माळ. टेबलाच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला भाचा आणि मध्ये गाडी. खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची, रिमोटवर पळणारी ही बग्गी. लांबी जेमतेम अर्धा मीटर, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. ताकद चारही चाकांना जाते. त्यासाठी पुढे, मागे आणि मध्ये असे तीन डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, आहेत. इंजिन साडेतीन सीसीचं.

मामांचा हात टू-स्ट्रोक स्कूटरवर बसलेला. भाच्यानं ही गाडी पहिल्यांदा समोर ठेवली तेव्हा त्यांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही. पिस्टन, लायनर, क्रँक, कार्बोरेटर, क्लच, सगळी जुनीच मंडळी. फरक वेगाचा. स्कूटरचं इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांत धापा टाकायचं. हे तीस हजारांच्या वर जातं.

(दृश्य : रिमोट. स्टिअरिंगचा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, हलतो. ब्रेकची लिंक, जवळून.)

आधी रिमोट चालू, मग गाडीचा स्विच. बंद करताना याच्या उलट. चाकं डावी-उजवीकडे वळतात का, थ्रॉटल उघडतो का, ब्रेक लागतो का, हे इंजिनाला हात लावण्याआधी बघून घ्यायचं. थ्रॉटल सोडल्यावर कार्बोरेटरचं तोंड पूर्ण मिटत नाही. साधारण एक मिलिमीटरची फट राहते. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचं हळू चालू राहणं, त्याच फटीवर चालतं.

आता भाचा मुद्दाम रिमोट बंद करतो. बघा, ब्रेकची लिंक आपोआप मागे गेली. याला फेलसेफ म्हणतात. सिग्नल तुटला तर गाडीनं स्वतःहून ब्रेक लावायचा. ही गाडी ताशी साठ-सत्तर किलोमीटरनं पळते. फेलसेफ न तपासता ती माळावर सोडणाऱ्याला मामा शेडमध्येही उभं करत नाहीत, आणि बरोबरच आहे.

(दृश्य : एअर फिल्टरचा फोम तेलात बुडवून पिळताना. चाकांचे नट आवळताना.)

फिल्टरचा फोम तेलात भिजवून पिळायचा. मुरमाची धूळ बारीक असते. कोरड्या फोममधून ती आत गेली की सिलिंडरच्या आतल्या नळीचं, म्हणजे लायनरचं, काम तमाम. चाकांचे नट आणि इंजिन चासीला धरणारे स्क्रू एकदा हातानं तपासले की पुढचं पाऊल.

(दृश्य : हेअर ड्रायर इंजिनाच्या हेडवर.)

हो, हेअर ड्रायरच आहे. घरातल्या कुणाचा, ते विचारू नका.

या इंजिनाच्या पिस्टनला रिंगा नसतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर पितळेचा आणि आतून त्याला क्रोमचा मुलामा. लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो. इंजिन थंड असेल तर पिस्टन वर जाताना तिथं आवळतो, हातानं फिरवलं तर चक्क अडकतो. इंजिन तापलं की लायनरचा वरचा भाग पसरतो आणि माप जमतं. थंड इंजिन जबरदस्तीनं फिरवलं तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर ताण येतो आणि पिस्टनची वरची कड झिजते. म्हणून आधी ऊब. हेडला बोट लावून ठेववेनासं झालं की पुरे.

नव्या इंजिनाला याआधी रनिंग-इन द्यावं लागतं. भरपूर इंधन देत, कमी वेगावर, तापवायचं आणि गार करायचं असं बऱ्याच वेळा. या इंजिनाचं ते आमचा कॅमेरा येण्याआधीच झालं होतं.

(दृश्य : इंधनाची बाटली, लांब वाकडी नळी. टाकीचं झाकण उघडतं.)

आता इंधन. इथं थोडं थांबू, कारण सगळी गंमत या बाटलीत आहे.

यात पेट्रोलचा थेंब नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल, बस्स. या बाटलीत नायट्रोमिथेन २५ टक्के आहे. तेलात कृत्रिम तेलाबरोबर एरंडेलही असतं. हो, तेच एरंडेल. इंजिन फार तापलं तरी ते धातूला धरून राहतं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. मिथेनॉलला ६.४ किलो पुरते. नायट्रोमिथेनला फक्त १.७, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. साडेतीन सीसीच्या सिलिंडरमध्ये हवा मावून मावून किती मावणार? पण तेवढ्याच हवेत इंधन कितीतरी जास्त जाळता येतं. ताकद येते ती अशी. आणि म्हणूनच १२५ सीसीची टाकी दहा मिनिटांच्या आसपास रिकामी होते.

मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही अंगात जातं, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, इंधन महाग आहे आणि आवाजावरून लोक भांडतात. पुढे जाऊ.

(दृश्य : ग्लो प्लग हातात. इग्नायटर लावल्यावर तार नारिंगी होते. अगदी जवळून.)

हा ग्लो प्लग. स्पार्क प्लग म्हणू नका, मामा दुरुस्त करतात. यातून ठिणगी पडत नाही. आत प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. दीड व्होल्टचा सेल, म्हणजेच हा इग्नायटर, जोडला की ती लाल-नारिंगी होते. इंजिन सुरू झाल्यावर सेल काढून घ्यायचा. तरी तार विझत नाही, कारण प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची रासायनिक क्रिया चालू राहते आणि त्या उष्णतेवर, शिवाय प्रत्येक स्फोटाच्या उष्णतेवर, ती तापलेलीच राहते.

१९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी असा प्लग बाजारात आणला. त्याआधी मॉडेल विमानांना कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी अंगावर घेऊन उडावं लागायचं. ते सगळं ओझं या एका तारेनं उतरवलं. आज जे म्हणतात की नायट्रो, म्हणजे या इंधनावरच्या गाड्या, हे जुनाट तंत्र, त्यांनी ही तार एकदा डोळ्यांनी बघावी. इलेक्ट्रिक गाडी वेगवान असते, मान्य. बॅटरी लावली, स्विच दाबला, पळाली. त्यात शिकायला काय उरलं?

(दृश्य : स्टार्टर बॉक्स. बग्गी वर ठेवली. सायलेन्सरच्या नळीवर बोट.)

हा स्टार्टर बॉक्स. आत बारा व्होल्टची मोटर, वर रबराचं चाक. चासीच्या खालच्या खाचेतून हे चाक फ्लायव्हीलला, म्हणजे क्रँकवरच्या जड चाकाला, टेकतं आणि इंजिन फिरवतं. लहान गाड्यांना दोरीचा पुल-स्टार्ट असतो. त्याला आखूड आखूड झटके द्यायचे. पूर्ण दोरी ओढली की ती हातात येते.

इंधन अजून टाकीतच आहे. ते कार्बोरेटरपर्यंत आणायला मामा सायलेन्सरच्या तोंडावर बोट ठेवतात. सायलेन्सरमधून एक बारीक नळी टाकीत जाते. तोंड बंद ठेवून इंजिन जरा फिरवलं की आतला दाब टाकीवर येतो आणि इंधन पुढे सरकतं. नळीतला बुडबुडा पाहा... सरकला... पोचला. बोट लगेच काढायचं.

आता इग्नायटर. आणि गाडी बॉक्सवर दाबायची.

(इथे निवेदन नाही. स्टार्टरचा आवाज. मोटर जड होते, थांबते.)

भाचा : मामा, ओव्हर झालं वाटतं.

मामा : वाटतं कसलं, झालंच. काढ प्लग.

बोट क्षणभर जास्त राहिलं आणि सिलिंडरमध्ये इंधन साचलं. द्रव दाबला जात नाही. याच अवस्थेत स्टार्टर रेटत राहिलं तर रॉड वाकतो. प्लग काढायचा, गाडी उलटी करायची, भोकावर फडकं धरायचं आणि मग इंजिन फिरवायचं. हे पाहा, किती इंधन बाहेर आलं. प्लग पुसून पुन्हा जागेवर.

(इथे निवेदन नाही. इंजिन सुरू होतं. किमान वीस सेकंद फक्त आवाज आणि धूर.)

इग्नायटर अजून काढलेला नाही. भाचा थ्रॉटलला हलके टिचक्या देतोय. इंजिन स्थिर झालं, आता इग्नायटर निघाला. आवाज पडला नाही.

(दृश्य : बारीक स्क्रू ड्रायव्हर. कार्बोरेटरच्या सुया.)

सुरू करणं कुणालाही जमतं. खरी विद्या इथून पुढे आहे.

कार्बोरेटरवर दोन सुया आहेत. एक वरच्या वेगासाठी, एक खालच्या. सुई आत फिरवली की इंधन कमी, बाहेर फिरवली की जास्त. स्क्रू ड्रायव्हर घड्याळाच्या काट्यासारखा धरून मामा मोजतात : एक तास आत, अर्धा तास बाहेर. यापेक्षा जास्त एका वेळी नाही. कारण या इंजिनाला वेगळं ऑइल नाही, जे काही तेल मिळतं ते इंधनातूनच. इंधन कापलं की तेलही कापलं. लीन, म्हणजे इंधन कमी असलेल्या, मिश्रणावर इंजिन जोरात पळतं, कानाला फार गोड लागतं, आणि त्याच गोडीत पिस्टन जातो.

आयडलिंगवर असताना मामा इंधनाची नळी चिमटीत धरतात. ऐका. आवाज किंचित चढला आणि दोन-तीन सेकंदांनी इंजिन बंद पडलं. खालची सुई ठीक. लगेच बंद पडलं असतं तर इंधन कमी, खूप वेळ रेंगाळलं असतं तर जास्त.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. मुंबईत लावलेली सुई इथं आणली की इंजिन घुसमटतं, कारण इथली हवा विरळ आणि तेवढ्या हवेला ते इंधन जास्त होतं. सकाळच्या गारव्यात लावलेली सुई दुपारी पुन्हा बघावी लागते. पावसाळ्यातल्या दमट हवेचं गणित आणखी वेगळं. ही सुई कोणत्याही ॲपमध्ये सापडत नाही, ती कानानं लावावी लागते.

(दृश्य : बग्गी माळावर. उडी. वळण. धुळीचा लोट. धुराची निळसर रेघ.)

धुराची रेघ दिसतेय ना? ती दिसत राहिली पाहिजे.

(इथे निवेदन नाही. गाडी पळते. भाच्याचा चेहरा. मामांचा चेहरा.)

दोन चकरांनंतर गाडी परत. तापमापक बंदूक हेडवर धरली, १०८ अंश सेल्सिअस. शंभर ते एकशेवीसच्या मध्ये असलं की मामा काही बोलत नाहीत. बंदूक नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाकायचा. तो दोन-तीन सेकंदांत उकळून उडाला तर ठीक. पडल्या पडल्या चर्र करून गेला तर सुई बाहेर.

(दृश्य : इंजिन बंद. प्लग काढून तेलाचे थेंब.)

दिवस संपताना टाकीत इंधन ठेवायचं नाही. उरलेलं काढून घ्यायचं आणि नळीत राहिलेलं जाळून टाकायचं. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, नायट्रोमिथेन जळून आम्ल तयार होतं. दोन्ही मिळून बेअरिंगला गंज चढवतात. म्हणून प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे गाडी चालवून झाल्यावर घालायच्या तेलाचे, थेंब सोडायचे आणि इंजिन चार-दोनदा फिरवायचं. शेवटी फ्लायव्हील हातानं फिरवून पिस्टन खाली आणून ठेवायचा. वर राहिला तर गार होताना लायनर त्याला आवळून बसतो. फ्लायव्हीलवर मार्करनं केलेली खूण त्यासाठीच आहे.

गाडी धुणं-पुसणं आम्ही चित्रित केलं नाही. त्याला दीड तास लागतो.

मामा : बाटलीचं झाकण लावलंस का रे?

भाचा : लावतो.

मामा : लावतो नाही. लाव.

(श्रेयनामावली.)