धूळपेरणी आणि देवाची निवड

[दृश्य: मृगाच्या आधीचे आभाळ. तापीच्या खोऱ्यातील काळे रान, नांगरटीची ढेकळे, बांधावर टेकवलेली सायकल.]

मृगाचा पाऊस अजून पडलेला नसताना खानदेशातील कोरडवाहू शेतकरी कोरड्या मातीत कपाशीची सरकी टोबून मोकळा होतो. याला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर पीक आठ-दहा दिवसांनी पुढे राहते; मात्र एखादी सर येऊन पुढे उघडीप पडली, तर बी जागीच मरते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. अशा वेळी बांधावर उभा असलेला माणूस अहिराणीत एवढेच म्हणतो, ‘नशीबमा नही व्हतं.’

हेच वाक्य नवापूर किंवा नंदुरबारच्या बाजूला, रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या घरांतूनही ऐकू येते. ज्यांच्या घरी बायबल आहे, तेही नशीब म्हणतात. त्यात नवल काही नाही, कारण भाषा धर्मापेक्षा जुनी असते. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर भविष्य लिहून जाते, या समजुतीतून ‘पाचवीला पुजलेले’ हा शब्दप्रयोग घडला आणि तो सर्वांच्या तोंडी रुळला. अडचण निर्माण होते ती याच शब्दांनी बायबल वाचू लागल्यावर. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात ख्रिस्ताचा प्रारंभीचा प्रचारक पौल म्हणतो, की देवाने ज्यांना आधीच ओळखले, त्यांना त्याने अगाऊ नेमूनही ठेवले. वाचणाऱ्याला वाटते, हा तर कपाळावरचाच लेख, फक्त लिहिणारा हात बदलला.

आमच्या मते तसे नाही. सटवाईचा लेख आयुष्यातील घटनांविषयी आहे: किती जगणार, कोणाशी लग्न होणार, कोठे मरणार. पौलाला मात्र कोणाची कपाशी बुडणार हे सांगायचे नाही. माणूस देवाकडे वळतो, तेव्हा त्या वळण्याचा आरंभ कोणाकडून होतो, हा त्याचा विषय आहे. ख्रिस्ती परंपरेतील पूर्वनियोजनाचा, म्हणजे कोणाचे तारण (पापातून सुटका) व्हावे हे देवाने आधीच ठरवले आहे का याचा, वाद मुख्यतः या एका प्रश्नाभोवती सोळाशे वर्षे फिरत आला आहे.

[दृश्य: भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याचा नकाशा.]

या वादाच्या मुळाशी एका माणसाचा अनुभव आहे. आजच्या अल्जीरियात इसवी सन ३५४ मध्ये जन्मलेला ऑगस्टीन हा वक्तृत्वाचा शिक्षक ३८६ साली मिलान शहरातील एका बागेत बसून रडत होता. जुने जीवन सोडायचे, हे त्याच्या बुद्धीला पटले होते, परंतु इच्छा मात्र मानत नव्हती. हाताला हल म्हटले की हात हलतो; मनाला मात्र ‘इच्छा कर’ असे मनानेच सांगितले तरी ते ऐकत नाही, हे त्याचे निरीक्षण दारूची बाटली सोडू पाहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. त्या बागेत जे घडले, ते आपल्या बळावर घडले नाही, अशी त्याची खात्री झाली. पुढे बिशप झाल्यावर त्याने आपल्या आत्मकथनात देवाला उद्देशून लिहिले, की तू जी आज्ञा करतोस ते पाळण्याचे बळही तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर.

रोममध्ये हे वाक्य पेलागियस नावाच्या, ब्रिटनकडून आलेल्या एका कडक शिस्तीच्या धर्मशिक्षकाच्या कानी पडले आणि तो संतापला. बळही देवानेच द्यायचे असेल, तर माणसाला दोष कशाचा द्यायचा, आणि उपदेश तरी कोणाला करायचा? त्याचा आक्षेप आजही जुना झालेला नाही. इसवी सन ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते अमान्य केली. तथापि ५२९ मध्ये आजच्या फ्रान्समधील ओरांज येथे जमलेल्या बिशपांनी दुसरी बाजूही सांभाळली: आरंभ देवाच्या कृपेचा, हे त्यांनी मान्य केले, पण देवाने कोणाला वाइटासाठी नेमले आहे, ही कल्पना त्यांनी स्पष्ट शब्दांत धिक्कारली.

[दृश्य: धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, खाली मुंबई-आग्रा महामार्ग.]

येथे एक गाठ सोडवून पुढे जाणे बरे. देवाला सर्व आधीच ठाऊक असेल, तर माणूस स्वतंत्र कसा? सहाव्या शतकात तुरुंगात मृत्यूची वाट पाहणाऱ्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने यावर असे उत्तर दिले, की देवाला काल, आज आणि उद्या असे नसते. तो सर्व काळ एकदम पाहतो, आणि पाहणे म्हणजे घडवणे नव्हे. लळिंगच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला महामार्गावरचे वळण आणि त्याच्या दोन्ही बाजूंची वाहने एकाच वेळी दिसतात, पण म्हणून ट्रकचे स्टिअरिंग त्याच्या हातात नसते. उत्तर सुरेख आहे, परंतु पुरेसे नाही; कारण पौल नुसते ‘पाहिले’ म्हणत नाही, ‘नेमले’ असे म्हणतो.

त्या ‘नेमले’ला सर्वांत कठोरपणे धरून राहिला तो जिनिव्हाचा सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन. काहींची तारणासाठी आणि काहींची नाशासाठी, अशी दोन्हींची नेमणूक देवाच्या इच्छेनेच झाली आहे, असे त्याने लिहिले आणि हा निर्णय भयंकर वाटतो, हेही तेथेच कबूल केले. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत हे प्रकरण येते कोठे, तर प्रार्थनेवरील प्रदीर्घ प्रकरणाच्या लगेच नंतर. सर्व ठरलेलेच असेल तर प्रार्थना कशाला, असे विचारणाऱ्याने ही मांडणी एकदा पाहावी.

नेदरलँड्समध्ये याकोबुस आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन देऊन उलट बाजू मांडली: ख्रिस्त सर्वांसाठी मेला, आणि देवाची कृपा नाकारण्याची मुभा माणसाला आहे. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील धर्मसभेने ती बाजू फेटाळली. शंभर-सव्वाशे वर्षांनी इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने तीच पुन्हा उचलून धरली; कृपा प्रत्येकाच्या आधी पोहोचते आणि तिला होकार देण्याइतके बळ प्रत्येकाला देते, असे त्याचे म्हणणे होते. कॅथलिक चर्चमध्येही डॉमिनिकन आणि जेझुइट संघांत हाच वाद पेटला होता. तेथे पोपने १६०७ मध्ये कोणाच्याच बाजूने निकाल न देता, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, अशी तंबी दिली. खेड्यातला जाणता पंच कधी कधी असाच निकाल देतो.

[दृश्य: अमळनेर. तत्त्वज्ञान मंदिराची वास्तू.]

अमळनेरला प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली, तेव्हापासून खानदेशात अशा प्रश्नांना एक हक्काची जागा आहे. कर्मसिद्धान्तात वाढलेल्या माणसाला निवडीच्या शिकवणुकीतील सर्वांत अवघड भाग वेगळाच वाटतो. कर्माच्या हिशोबात आजचे फळ आपल्याच मागच्या कृतीचे असते. पौलाने सांगितलेल्या याकोब आणि एसाव या जुळ्या भावांच्या कथेत मात्र त्यांनी बरे-वाईट काही करण्यापूर्वीच देवाने एकाला निवडले. येथे जमाखर्चाची वही मिटून ठेवावी लागते. याला कोणी अन्याय म्हणतो, कोणी कृपा. दोघेही तोच अध्याय वाचत असतात.

हा वाद केवळ ग्रंथांत राहिला असता, तर आपल्याकडे पोहोचलाच नसता. देवाला ज्यांना वाचवायचे आहे, त्यांना तो वाचवीलच, तेव्हा परदेशी उपदेशक पाठवण्याची गरज काय, असे इंग्लंडमधील बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या काही मंडळ्यांत मानले जात असे. देवाच्या निवडीवर स्वतः विश्वास ठेवणाऱ्या विल्यम कॅरीने १७९२ मध्ये एक पुस्तिका लिहून याला उत्तर दिले, की देव फळ देतो, पण साधने वापरण्याचे कर्तव्य आपले आहे. त्याच माणसाने पुढे बंगालमधील श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पश्चिम खानदेशात नंतर आलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक वेगळ्या, पुनरुज्जीवनाच्या परंपरेतले होते, आणि माणसाने स्वतः निर्णय घ्यावा यावर त्या परंपरेचा भर असे. त्यामुळे इकडच्या मंडळ्यांत ‘मी प्रभूला स्वीकारले’ आणि ‘प्रभूने मला निवडले’ ही दोन्ही वाक्ये एकाच साक्षीत (मंडळीपुढे सांगितलेल्या श्रद्धेच्या अनुभवात), एका दमात ऐकू येतात, आणि सांगणाऱ्याला त्यांत विसंगती जाणवत नाही.

[दृश्य: पहिल्या पावसानंतरचे रान. ओळीने उगवलेली कपाशी. मध्ये काही मोकळ्या जागा, तेथे नांग्या भरणारी बाई.]

पौल फिलिप्पै येथील मंडळीला लिहितो, की भीत व कापत आपले तारण साधून घ्या. आणि लगेच पुढे म्हणतो, की इच्छा करणे आणि कृती करणे हे दोन्ही तुमच्या ठायी घडवणारा तो देव आहे. एक पक्ष पहिले वाक्य पाठ करतो, दुसरा पक्ष दुसरे. पौलाच्या जागी आपण असतो तर दोहोंच्या मध्ये ‘परंतु’ घातले असते. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘कारण’ आहे.

तोच पौल करिंथकरांना शेताच्या भाषेत सांगतो, की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ देवाने दिली. नांग्या भरणाऱ्या बाईच्या ओटीत अजून मूठभर सरकी आहे, आणि ओळ बांधापर्यंत जायची आहे.