सरस्वतीबाईंची चादर

मंडळी, नमस्कार.

ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून हलती चित्रं दाखवली ती २८ डिसेंबर १८९५ ला. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ ७ जुलै १८९६ ला लागला, एक रुपया तिकीट लावून. मध्ये जेमतेम सहा महिने! आज हे काढलं, कारण परवा माझ्या नातीने शाळेसाठी सिनेमाच्या जन्माचा तक्ता केला. त्यात एडिसन होता, ल्युमिएर होते. रंगवता रंगवता तिने विचारलं, "आजी, तेव्हा आपले लोक नुसते बघायलाच होते का?"

ते वाक्य अजून मनातून जात नाही.

बघायला तर होतेच. पण सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

एवढं आपल्याला पाठ आहे. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके मात्र आपल्या भाषणांत येत नाहीत, आणि याचा मला राग येतो. कोरी फिल्म यायची तिला कडेची भोकं नसायची. दिवसभर साऱ्या कंपनीचा स्वयंपाक केल्यावर ती बाई रात्री अंधारात बसून ती भोकं पाडायची. फिल्म धुवायची. चित्रीकरणात उजेड पाडायला उन्हात पांढरी चादर धरून उभी राहायची. भांडवलासाठी दागिने गहाण पडले तेही तिचेच. तारामती करायलाही तिलाच विचारलं होतं, पण मग बाकीची कामं कोण करणार? शेवटी तारामती झाले साळुंके, हॉटेलात काम करणारे.

नातीला मी हे सांगितलं. तक्त्यावर तिने चादर काढली.

आता थोडं रागावते. दर वर्षी आपण मंडळात नवा कोरा सिनेमा आणतो, पण फाळक्यांचं जे थोडं उरलंय ते मुलांना एकदाही दाखवलेलं नाही. 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण कुठेच नाही. त्या काळच्या नायट्रेट फिती पेट घेत, कुजत. जे वाचलं त्यातलं बरंचसं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन मिळवलं. कुणीतरी दार वाजवावं लागतं.

आपल्याही फिती आहेत. मंडळाची पहिली नाटकं, पहिला गणपती, ज्यात आज हयात नसलेली माणसं बोलतात, त्या व्हीएचएस कॅसेटी कुणाच्या तळघरात आहेत? कार्यकारिणीत विचारलं, तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याकडे असतील. चुंबकीय फीत वर्षागणिक पुसट होत जाते, आणि ती चालवणारं यंत्र माझ्या माहितीत तरी कुणाकडे उरलेलं नाही.