भडंगाचा गाडा आणि अनुच्छेद 21

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीत माझ्या ऑफिसखाली एक भडंगवाला उभा असतो. परवा पुडी बांधता बांधता त्यानं विचारलं, "वकीलसाहेब, उद्या माझा गाडा उचलला तर तुमचं संविधान मधी पडतंय का?" मी म्हटलं, पडतं. पण ते कधीपासून पडायला लागलं, हे सांगण्याइतका वेळ तेव्हा नव्हता.

अनुच्छेद 21 म्हणजे एकच वाक्य. कायद्यानं ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. 1950 साली गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते शब्दाला धरून वाचलं. कायदा केलाय ना, मग झालं! 1978 मध्ये, मनेका गांधींच्या जप्त पासपोर्टच्या प्रकरणात तेच न्यायालय म्हणालं, नुसती पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही हवी.

भडंगवाल्याच्या कामाचा निकाल 1985 चा. मुंबईत फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला घेतल्या, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि तिथं राहणारी काही माणसं कोर्टात गेली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलं की, पोटापाण्याचं साधन काढून घेणं म्हणजे जगणंच काढून घेणं. याच चंद्रचूडांनी 1976 मध्ये, आणीबाणीत, स्थानबद्धाला कोर्टाची दारं बंद करणाऱ्या बहुमताला साथ दिली होती. तो निकाल गंभीर चुकीचा होता, असं 2017 च्या खासगीपणाच्या खटल्यात लिहिलं कुणी, तर त्यांच्याच चिरंजीवांनी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी.

आता खरं सांगायचं तर 1985 मध्ये ती माणसं जिंकली नाहीत. फुटपाथवर राहायचा हक्क मिळाला नाही. मिळालं एवढंच, की हटवण्याआधी बाजू ऐकायची, आणि पाऊस सरेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, हात लावायचा नाही. पावसाळ्यात घराबाहेर पडायची वेळ येणं म्हणजे काय, हे कृष्णाकाठाला मी काय सांगू!

पुढं 2014 मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा आला. विक्री प्रमाणपत्र असेल तर त्या जागेवरून हलवण्याआधी 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यायची. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत, बाकीचा दोन कामकाजी दिवसांत.

हे सगळं मी त्याला नंतर नीट सांगितलं. त्यानं प्रमाणपत्राचा कागद डब्यातून काढून दाखवला, तेलाचे डाग पडलेला. भडंग नाशवंतात धरायचं की नाही, यावर मात्र आमचं अजून एकमत नाही.