दिवेलागणीला एक मंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात जपाचा नाद नवा नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले, की ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर कडेवरच्या पोरालाही येतो. त्याला कुणी शिकवत नाही, ते ऐकून ऐकून शिकतं. मंत्रही असाच, कानानं शिकायचा असतो.

माझ्याकडे दिवेलागणीला गल्लीतली पाच-सहा मुलं येतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. सुरुवात ‘नमः शिवाय’नं करते. पाचच अक्षरं, पण मुलं हमखास ‘सिवाय’ म्हणतात. मी रागवत नाही. तळहात तोंडासमोर धरायला सांगते. ‘नमः’मधल्या विसर्गाचा ऊन श्वास हाताला लागला, की मुलांचे डोळे चमकतात. मग ‘श’साठी जीभ टाळूकडे न्यायची. चार दिवसांत जमतं.

गायत्रीमंत्राची गोष्ट सांगते. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला हा मंत्र, विश्वामित्र ऋषींचा. गायत्री छंदात तीन चरण, प्रत्येकात आठ अक्षरं, एकूण 24. मुलांना बोटांवर मोजायला लावलं, तर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “आजी, पहिल्या ओळीत सातच भरतात!”

‘तत्सवितुर्वरेण्यं’, खरंच सात भरतात. ‘वरेण्यं’ हे ‘वरेणियं’ असं सोडवून धरलं, की आठ होतात. अहो, मोठी माणसं जन्मभर हा मंत्र म्हणतात, पण मोजून कोण बघतं? तिनं बघितलं, कारण ती सावकाश म्हणत होती.

एकेका अक्षराची ही काळजी आपल्या पूर्वजांनी फार घेतली. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ, अशा वेद म्हणायच्या पद्धती. शब्द कधी सुटे करून, कधी उलटसुलट गुंफून म्हणायचे, म्हणजे एकही निसटू नये. हे सगळं तोंडपाठ. युनेस्कोनं 2003 साली या वेदपठणाच्या परंपरेचा गौरव केला.

म्हणून आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पाहुण्यांसमोर मुलांना ‘म्हणून दाखव’ करू नका. अकरा वेळा घाईनं म्हणवून घेण्यापेक्षा तीनदा शांतपणे, त्यांच्यासोबत बसून म्हणा. विडी वळणाऱ्या आमच्या शेजारणीचे हात रिकामे नसतात, तोंड मोकळं असतं. ती मुलासोबत तशीच म्हणते. अर्थ वयाप्रमाणे थोडा थोडा सांगत जावा. ‘आमच्या बुद्धीला प्रेरणा दे’ एवढं लहान मुलालाही कळतं.

ती तिसरीतली मुलगी आता धाकट्या भावाला घेऊन येते. काल तो ‘सिवाय’ म्हणाला. तिनं काही न बोलता त्याचा हात धरला आणि त्याच्याच तोंडासमोर नेला.