बोटीत पाणी गळतंय? आधी ती सिलिकॉनची नळी खाली ठेवा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत आमच्या बिछान्यावर ठेवलेलं पातेलं दिसलं आणि तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, ताई, बोटीत वरून पाणी कसं काय गळतं? त्याखाली लगेच दहा जणांचं उत्तर, सिलिकॉन मारा, विषय संपवा. म्हणून आज फक्त यावरच बोलणार आहे.

नवीन मंडळींसाठी पटकन. मी आणि माझा नवरा ग्रीसच्या लेरोस बेटाजवळ 34 फुटी फायबरच्या शिडाच्या बोटीवर राहतो. उन्हाळ्यात फिरतो, हिवाळ्यात लाक्कीच्या खाडीत बोट बांधून असतो. गॅसवर स्वयंपाक, सोलरवर वीज, टाकीत पाणी. व्हिसा आणि खर्चाचं जुन्या व्हिडिओंत सांगितलंय, तिथे बघा.

आता हवामान, कारण गळतीचं मूळ तिथेच आहे. मी मूळची देवगडची. आपल्याकडे जोराचा वारा यायचा तर आधी आभाळ काळवंडतं, माणूस सावध होतो. इथे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी सुटतो तो निळ्याशार आभाळातून. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानकडे कमी, त्यामुळे उत्तरेचा वारा दिवसेंदिवस वाहत राहतो. 30 नॉट, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर, सहज. थेंबभर पाऊस नाही, पण लाटांचे तुषार सारखे डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागावर. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा ताणल्या जातात, सैल होतात, परत ताणल्या जातात. त्या तारा डेकमधून खाली गेलेल्या स्टीलच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात. या पट्ट्यांना चेनप्लेट म्हणतात. पट्टी हलली की तिच्याभोवती पाणी अडवायला भरलेलं सील सुटतं. ते आपल्याला कळतं कधी? नोव्हेंबरात, दक्षिणेचा वारा पाऊस घेऊन येतो तेव्हा. दुखणं उन्हाळ्यातलं, ठणका हिवाळ्यात.

आमचंही तेच झालं. रात्री दोन वाजता उशीवर टप, टप. वर खिडकी होती, म्हणून आम्ही खिडकीला दोष दिला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कडेने सिलिकॉन भरलं. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पाणी एक वीत पुढे गळायला लागलं. परत सिलिकॉन. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! पाणी शिरत होतं दीड मीटर पुढे, चेनप्लेटपाशी. तिथून छताच्या आतल्या अस्तरावरून सरपटत ते उशीवर येत होतं. पाणी गळतं तिथेच शिरत असेल असं धरून चालू नका. गच्चीच्या गळतीला कंटाळलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, पण बोटीवर आल्यावर आपण विसरतो.

मग आम्ही चेनप्लेट उघडली. हे बघा, कॅमेरा जवळ घेते. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं, ते डेकला ताठ ठेवतं. आमचं लाकूड असं निघालं, चहाच्या चोथ्यासारखं. बोटाने काढता येत होतं. आणि ही पट्टी. वरचा भाग चकचकीत, डेकच्या आत दडलेला भाग तपकिरी, आणि भोकाच्या कडेला केसाएवढी चीर. नखाने चाचपली तर लागते.

कमेंटमध्ये एक दादा म्हणतात, स्टेनलेस स्टील गंजत नाही. दादा, स्टेनलेस टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. त्याच्या पृष्ठभागावर पातळ थर तयार होतो, तो स्टीलला सांभाळतो. वरून सिलिकॉन थापलंत तर खारं पाणी आत कोंडून बसतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि तो थर परत धरत नाही. म्हणजे वरून तुम्हाला कोरडं दिसतंय आणि आत शेकडो किलोंचा ताण घेणारी पट्टी कुजतेय. ती तुटली तर डोलकाठी खाली येते. म्हणून मी चिडते हो.

सिलिकॉनचा दुसरा ताप म्हणजे ते पूर्ण निघत नाही. खरवडलं, पुसलं तरी अंश राहतो, आणि त्यावर ना इपॉक्सी (सुकून दगडासारखा कडक होणारा चिकट राळ) धरत, ना रंग, ना दुसरं सिलिकॉन. आमच्या आधीच्या मालकाने कठड्याच्या प्रत्येक खांबाशी ते थापलं होतं. आठ खांब साफ करायला आम्हाला चार दिवस लागले. आणि तिसरं, वरून लावलेलं सिलिकॉन गळती थांबवत नाही, पाण्याची वाट बदलतं. पुढच्या वेळी तुम्ही शोधणार कुठे?

सिलिकॉन वाईट नाही. सिंकच्या कडेला लावा, काही खिडक्यांच्या ॲक्रिलिकला तेच चालतं. डेकवरच्या बोल्टला नको, एवढंच.

मग करायचं काय? आधी गळती शोधा. एकाने आत टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचं, बारीक धारेने. सुरुवात खालून, मग हळूहळू वर, आणि एका जागी दहा मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. आमच्यात या दहा मिनिटांवरून भांडण झालंय, नवरा तिसऱ्या मिनिटाला पुढे सरकतो.

जागा सापडली की बोल्ट काढा. ओलं लाकूड कोरून काढा, पूर्ण सुकू द्या, भोक घट्ट इपॉक्सीने भरा आणि त्या इपॉक्सीतून नवं भोक पाडा. आता पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. भोकाचं तोंड वरून जरा उतरतं करा आणि तिथे ब्युटिल टेप गुंडाळा. ही बघा, करड्या रंगाची, मळलेल्या कणकेसारखी. देवगडला लाकडी होड्यांच्या फटींत कापूस ठोकून बसवताना मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे, काम तेच, वस्तू नवी. फक्त डिझेलच्या टाकीच्या तोंडाशी ही टेप नको, डिझेलने ती विरघळते.

आणि आवळताना खालून नट फिरवा, वरचा बोल्ट धरून ठेवा. बोल्ट फिरला की टेप फाटते. एका दिवसात पूर्ण आवळू नका, आज थोडं, उद्या थोडं, टेप हळूहळू दबून बाहेर येते. चीर गेलेली पट्टी मात्र परत बसवायची नाही. आम्ही सगळ्या नव्या करून घेतल्या, कारण एकीला चीर होती म्हणजे बाकीच्याही तेवढ्याच जुन्या.

तुमच्या बोटीचे फोटो ईमेलवर पाठवताय, तर डेकवरून एक आणि आतून एक असे दोन्ही पाठवा, नुसत्या डागाच्या फोटोवरून मला सांगता येत नाही. बाहेर दक्षिणेचा वारा वाढलाय, ऐकू येतंय ना? धक्क्याचे दोर बघायला जाते.