रेमिंग्टन नेमकी किती वेळा बुडाली?

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘रेमिंग्टनचा अस्त : एक कारणमीमांसा’ असे भारदस्त शीर्षक छापलेले आहे. कारणमीमांसा मी करणारच आहे. परंतु ‘अस्त’ या शब्दाशी माझे जुने भांडण असल्याने ते मिटवल्याखेरीज मला पुढे जाता येणार नाही. अमेरिकेतील ही बंदुकांची कंपनी आपले जन्मवर्ष १८१६ सांगते. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या खेपेस तिचे तुकडे पाडून लिलाव झाला, तेव्हा दोन शतकांचा वारसा संपला म्हणून सर्वांनी हळहळ व्यक्त केली. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या दिवशी संपले ते नेमके काय?

आरंभाची आख्यायिका आपणांस ठाऊक आहेच. न्यूयॉर्क राज्यातील एलिफालेट रेमिंग्टन या तरुणाने वडिलांच्या लोहारभट्टीत बंदुकीची नळी घडवली, ती घेऊन तो नेमबाजीच्या स्पर्धेत उतरला आणि दुसरा आला. पहिला कोण आला हे सांगण्याची तसदी या गोष्टीने घेतलेली नाही. जाहिरातीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पुढे १८२८ मध्ये ईरी कालव्याच्या काठी, आज ज्याला इलियन म्हणतात तेथे, कारखाना उभा राहिला. यादवी युद्धाने त्याला भरपूर काम दिले आणि युद्ध संपताच ते आटले. शांततेच्या काळात बंदूक करणाऱ्याने करायचे काय, हा या धंद्याचा सनातन प्रश्न आहे. एलिफालेटच्या मुलांनी, म्हणजे रेमिंग्टन बंधूंनी, त्यावर शेतीची अवजारे आणि शिवणयंत्रे अशी उत्तरे शोधली, आणि १८७३ मध्ये टंकलेखन यंत्र बनवण्याचा करार केला.

येथे मला थोडे रेंगाळू द्या. शोल्स आणि ग्लिडन या संशोधकांचे ते यंत्र इलियनमध्ये शिवणयंत्राच्या विभागात तयार झाले आणि त्याच्या अंगावर तो वारसा स्पष्ट दिसत होता : तसेच टेबल, तशीच रंगवलेली फुले आणि कागदाचा गाडा मागे आणण्यासाठी पायाने दाबायची पट्टीसुद्धा. ते फक्त मोठ्या लिपीतील अक्षरे उमटवत असे, आणि काय उमटले हे टंकलेखकाला टंकताना दिसत नसे. असे यंत्र लोकांनी लगेच डोक्यावर घेतले नाही, यात नवल ते काय! परंतु त्याचा खप हळूहळू वाढू लागला आणि नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे १८८६ मध्ये, पैशांच्या ओढगस्तीत सापडलेल्या रेमिंग्टन कंपनीने टंकलेखन यंत्रांचा व्यवसाय नावासकट विकून टाकला. ज्याला भविष्य होते ते विकले, ज्याला भूतकाळ होता ते ठेवले, आणि तरीही कंपनी बुडालीच. १८८८ मध्ये बंदुकांचा कारखाना दुसऱ्या मालकांकडे गेला. म्हणजे रेमिंग्टन घराण्याची रेमिंग्टन एकशे तीस वर्षांपूर्वीच संपलेली आहे. आपण २०२० मध्ये सुतक पाळले ते कोणाचे?

विकलेल्या नावाची पुढची कथा तर अधिकच चमत्कारिक आहे. टंकलेखन यंत्रांचा तो व्यवसाय १९२७ मध्ये ‘रेमिंग्टन रँड’ झाला. दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी आठ लाखांहून अधिक पिस्तुले बनवली. बंदुकवाल्यांनी टंकलेखन यंत्रे केली, मग टंकलेखनवाल्यांनी पिस्तुले केली; नाव तेच, पण कंपन्यांचा एकमेकींशी संबंध काहीही नाही. त्याच नावाने दाढीची विजेरी यंत्रे आली, आणि १९५१ मध्ये युनिव्हॅक हा संगणकही आला. या सभागृहातील कित्येकांची बोटे देवनागरीच्या रेमिंग्टन कळफलकावर तयार झाली आहेत, आणि त्यांना या नावात बंदुकीच्या दारूचा वास कधी आला नसेल.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. तेव्हा पत्रिकेवरची कारणमीमांसा आता धावतच उरकतो.

ड्यूपाँट या रसायन कंपनीने १९३३ पासून सांभाळलेली बंदुकांची ही कंपनी १९९३ मध्ये गुंतवणूकदारांकडे गेली, आणि २००७ मध्ये सर्बेरस या खासगी गुंतवणूक संस्थेने तिच्यावरील कर्जासह सुमारे ३७ कोटी डॉलरना ती घेतली. मार्लिनसारखी बंदुकांच्या धंद्यातील इतर नावेही एका छत्राखाली गोळा झाली. मार्लिनचा जुना कारखाना बंद करून काम इलियनला हलवले गेले, आणि कसबी हात मागे राहिल्याने मालाची प्रत घसरली. रेमिंग्टनच्या ७०० क्रमांकाच्या रायफलचा चाप न ओढताच गोळी सुटते, या आरोपावरून खटले झाले. अमेरिकेतील सँडी हूक शाळेतील २०१२ च्या हत्याकांडात याच समूहाची बुशमास्टर रायफल वापरली गेली होती. मृतांच्या कुटुंबीयांनी केलेल्या दाव्यात पुढे २०२२ मध्ये कंपनीच्या विमा कंपन्यांनी ७.३ कोटी डॉलरची तडजोड केली. २०१६ च्या निवडणुकीनंतर, निर्बंध येतील ही भीती ओसरल्याने, देशभर बंदुकांची मागणी घटली. हे सारे खरे असले, तरी माझ्या मते घाव घातला तो कर्जाने. २०१८ मध्ये ते सुमारे ९५ कोटी डॉलरवर पोचले होते. मागणीचे चढउतार या धंद्याने यादवी युद्धापासून सोसले आहेत. परंतु ओहोटीतही व्याज थांबत नाही.

२०२० च्या लिलावात काडतुसांचा व्यवसाय आणि नाममुद्रा व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने सुमारे ८.१ कोटी डॉलरना घेतली, तर इलियनचा बंदुकांचा कारखाना दुसऱ्या खरेदीदाराला अवघ्या १.३ कोटीत मिळाला. १८८६ प्रमाणेच याही वेळी नाव एकीकडे गेले आणि भट्टी दुसरीकडे. काडतुसांचा व्यवसाय २०२४ मध्ये एका चेक समूहाकडे गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये इलियनच्या कारखान्याला कुलूप लागले आणि उत्पादन जॉर्जिया राज्यात गेले. कालव्याकाठच्या त्या गावात १८२८ पासून चालत आलेले काम थांबले; ‘अस्त’ हा शब्द वापरायचाच असेल, तर माझी तो तेवढ्यापुरता वापरू देण्याची तयारी आहे. चापाच्या खटल्यांवर कोणाला काही विचारायचे असल्यास अवश्य विचारावे; त्याची टिपणे माझ्या खिशात तशीच राहिली आहेत.